‘पिटिशन गेलंय, आता हात लावू नका’ हे कितपत खरं?

वाचकाचं पत्र

मी ऑगस्ट २०२२ मध्ये आर-१ व्हिसावर (धार्मिक कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसावर) टेक्सासमधल्या एका देवळात पुजारी म्हणून आलो. देवळाने मार्च २०२५ मध्ये माझ्यासाठी आय-३६० (ग्रीन कार्डसाठीचं पिटिशन) भरलं, निकाल अजून नाही. मधल्या काळात आम्ही घर बदललं, धाकटीचा जन्म इथेच झाला, जानेवारीपासून पगार थोडा वाढला. परवा पिटिशनची कॉपी चाळली आणि पोटात गोळा आला. बायकोचं नाव सासरचं लिहिलंय, पासपोर्टवर माहेरचं आहे. वेदपाठशाळेतलं शिक्षण संपल्याचं वर्ष मुंबईत व्हिसा घेताना २०१० दिलं होतं, पिटिशनमध्ये २०११ आहे. वार्षिक मोबदला ३६,००० डॉलर लिहिलाय, पण २०२४ च्या डब्ल्यू-२ वर (करासाठीच्या वार्षिक पगारदाखल्यावर) २६,४०० दिसतात. शनिवार-रविवारी मी भक्तांकडे सत्यनारायण, वास्तुशांत करतो, दक्षिणा ते थेट माझ्या खात्यात टाकतात. शिवाय चाळीस मैलांवर देवळाची नवी शाखा निघतेय, तिथे मला पाठवायचं चाललंय. आमचे सेक्रेटरी म्हणतात, “पिटिशन गेलंय, आता कशाला हात लावू नका, उगाच ऑफिसरचं लक्ष जाईल.” काय करावं?

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

सेक्रेटरींचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे आणि तीन-चार बाबतींत महागात पडेल असं आहे. नियम असा की ज्या दिवशी पिटिशन भरलं त्या दिवशी तुम्ही आणि देऊळ दोघं अटींत बसत असायला हवेत, आणि निकालाच्या दिवसापर्यंत बसत राहायला हवेत. म्हणून तुमच्या यादीतल्या गोष्टींचे आधी तीन ढीग करा. भरतानाच चुकलेलं: ते पत्राने दुरुस्त होतं. नंतर बदललेलं: त्यातलं काही कळवायचं असतं, काही पुराव्यानिशी जपून ठेवायचं असतं. तिसरा ढीग नोकरीच बदलणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे वेगळी संस्था, वेगळं काम. तिथे पत्र पाठवून भागत नाही, नवीन पिटिशन लागतं. भरलेलं पिटिशन मागाहून मूळ स्वरूपात बदलून मंजुरीलायक करता येत नाही, आणि सेक्रेटरींचं ‘हात लावू नका’ खरं ठरतं ते तेवढ्यापुरतंच.

तुमच्या हातातली कॉपी पूर्ण आहे का ते आधी पाहा. पिटिशन देवळाचं असतं, त्यामुळे गुरुजींकडे बहुतेक वेळा फक्त पावती किंवा सहीचं पान असतं. फॉर्म, देवळाच्या वतीने सही केलेला मोबदला-कामाचा भाग आणि सगळी जोडपत्रं मागून घ्या. त्याशेजारी आर-१ साठी भरलेलं आय-१२९ आणि मुंबईच्या व्हिसासाठी भरलेलं डीएस-१६० ठेवा. तिन्हीत हुद्दा, कामाचं वर्णन, आठवड्याचे तास, शिक्षणाची आणि नोकरीची वर्षं, घरच्यांची नावं आणि जन्मतारखा एकेक करून ताडून पाहा. पुढे ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भराल तेव्हा ऑफिसरसमोर हे सगळं एकत्र येणार आहे. तेव्हा विसंगती त्याने काढण्यापेक्षा आत्ता तुम्ही काढलेली बरी.

आता डब्ल्यू-२. सर्वांत जास्त धसका तुम्ही याचाच घेतलाय, पण आकडे पाहता हे बहुधा चुकीचं नाहीच, फक्त न समजावलेलं आहे. ३६,००० वजा २६,४०० म्हणजे ९,६००, अर्थात महिना ८०० डॉलर. देऊळ तुम्हाला घरभाड्यापोटी तेवढी रक्कम देत असणार. धर्मगुरूंना मिळणारा घरभत्ता अमेरिकेत प्राप्तिकरातून वगळता येतो, म्हणून तो डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत येत नाही. बरेच हिशेबनीस तो चौदाव्या चौकटीत नुसता नोंदवतात. तिसरी आणि पाचवी चौकट, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची, पुजाऱ्यांच्या बाबतीत रिकामी असते, कारण तो कर तुम्ही स्वयंरोजगारी माणसासारखा स्वतः भरता. हे ठाऊक नसलेल्याला कागद अर्धवट भरल्यासारखा वाटतो आणि पगार कमी दिल्यासारखा. मोबदला सांगितल्याप्रमाणे मिळतोय की नाही हा तर या पिटिशनचा कणा. आणि यात भर म्हणजे आतापर्यंत केलेल्या पगारी नोकरीच्या पुराव्यासाठी करखात्याचेच कागद लागतात, देवळाचं नुसतं पत्र पुरत नाही.

तेव्हा या एका मुद्द्याची जुडी तयार करा. घरभत्ता ठरवणारा ट्रस्टी मंडळाचा ठराव (तो भत्ता सुरू होण्याआधीच्या तारखेचा हवा, मागची तारीख टाकून केलेला ठराव म्हणजे नवं संकट), बारा महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेत जमा झालेल्या रकमा, तुमचं विवरणपत्र स्वयंरोजगार कराच्या परिशिष्टासकट, करखात्याकडून काढलेला त्याचा उतारा आणि २६,४०० + ९,६०० = ३६,००० एवढंच सांगणारं हिशेबनीसाचं अर्ध्या पानाचं पत्र. घरभत्ता स्वयंरोजगार कराच्या हिशेबात धरावा लागतो. तिथे तो धरलेला नसेल, तर जुडी पाठवण्याआधी विवरणपत्र दुरुस्त करा. आणि ९,६०० चा खुलासा घरभत्त्याने होत नसेल, रक्कम खरोखरच मिळालेली नसेल, तर ही पत्राची बाब राहत नाही. सरळ वकिलाकडे जा.

पगार वाढला, ही अडचण नाही. जानेवारीचा ठराव आणि नव्या पगारपावत्या फाइलला लावून ठेवा. उलटं झालं तर मात्र घाबरायचं: पगार कापला किंवा तास घटले तर. ग्रीन कार्डच्या या प्रवर्गात काम आठवड्याला सरासरी ३५ तास हवं. आर-१ वरच्या माणसाचे तास कमी झाले किंवा त्याला कामावरून काढलं, तर देवळाने १४ दिवसांत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) कळवायचं असतं.

दक्षिणेबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीत, पण फाइलमध्ये हीच सर्वांत नाजूक जागा आहे. आर-१ वर तुम्हाला काम करायची परवानगी फक्त पिटिशन भरणाऱ्या देवळासाठी आहे. भक्ताने फोन केला, तुम्ही तारीख दिलीत, पूजा सांगितलीत आणि पैसे तुमच्या खात्यात आले, तर कागदोपत्री ते देवळाचं काम ठरत नाही. आपल्याकडे दक्षिणा म्हणजे मजुरी नव्हे हे खरं, पण बँकेच्या विवरणात दर रविवारी दीडशे-दोनशे डॉलर दिसले तर ऑफिसर त्याला शास्त्रार्थ विचारत बसणार नाही. अनेक देवळांनी याला साधी वाट काढली आहे. बाहेरची पूजा देवळाच्या वेळापत्रकात नोंदवायची, पैसे देवळाच्या खात्यात, पावती देवळाची, गुरुजींना जे द्यायचं ते पगारातून, आणि देवळाच्या कामाच्या वर्णनात ‘भक्तांच्या घरी धार्मिक विधी’ असा स्पष्ट उल्लेख. हे या आठवड्यापासून सुरू करा.

झालेल्या पूजांचं काय, याचं उत्तर मात्र सदरातून देण्यासारखं नाही. त्यासाठी इमिग्रेशन वकिलासमोर बसा, आणि बसण्याआधी यूएससीआयएसला त्याबद्दल काहीही लिहू नका. एक माहिती असू द्या. धार्मिक कामगारांच्या प्रवर्गात शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर एकूण १८० दिवसांपर्यंतच्या अशा चुका आय-४८५ च्या वेळी आड येत नाहीत. पण ‘मी फक्त शनिवार-रविवार धरतो, म्हणजे वर्षाचे शंभरच दिवस’ असं गणित मांडू नका. विनापरवाना काम सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचे मधले दिवसही मोजले जातात. शेवटचे भारतातून कधी परत आलात, ती तारीख म्हणूनच वकिलाला सांगा. आणि ती रक्कम करविवरणात दाखवलेली नसेल, तर तेही लपवू नका, निदान वकिलापासून तरी.

पाठशाळेचं वर्ष. मार्च २०२५ च्या आधीची दोन वर्षं तुम्ही याच देवळात सलग काम केलंय, त्यामुळे दोन वर्षांच्या अनुभवाची अट इथल्याच नोकरीने भागते. २०१० की २०११ याने त्याला धक्का लागत नाही. पण तुमचं पिटिशन पुजारी म्हणून, म्हणजे कायद्याच्या भाषेत धर्मगुरू म्हणून आहे आणि तुम्ही त्या कामाला पात्र आहात हे पाठशाळेच्याच कागदांवर उभं आहे. पाठशाळेकडून प्रवेशाची आणि समाप्तीची तारीख, शाखा, काय शिकलात आणि परीक्षा कोणती दिलीत हे लिहिलेलं नवं पत्र घ्या. शक्य असेल तर जुन्या नोंदवहीच्या पानाची प्रतही. अनेकदा होतं असं की अध्ययन एका वर्षी संपतं आणि प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या समारंभात मिळतं. दोन्ही तारखा खऱ्या असतात आणि दोन फॉर्ममध्ये दोन जातात. तुमचं तसंच झालं असेल तर तसं लिहा. डीएस-१६० आता बदलता येणार नाही, पण तिथलं वर्ष चुकलं असेल तर कोणतं खरं आणि चूक कशी झाली हे दोन वाक्यांत सांगता येतं. अशी कबुली आपणहून, कोणी विचारण्याआधी दिली, तर ती चूक म्हणून पाहिली जाते. ऑफिसरने पकडल्यावर दिली तर तिला खोटेपणाचा वास येऊ लागतो, आणि महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शिक्का आयुष्यभर व्हिसा आणि ग्रीन कार्डच्या आड येतो.

बायकोच्या नावाचा घोळ मराठी घरांत इतका नेहमीचा आहे की त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आळस करू नका. आधी वडिलांचं नाव मध्ये, मग नवऱ्याचं, आडनाव बदललेलं किंवा न बदललेलं. त्यातून भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला स्वतंत्र रकानाच नसतो, ते पहिल्या नावाला चिकटून येतं. अमेरिकन फॉर्म मात्र मधलं नाव वेगळं विचारतो. सोपा नियम: पासपोर्ट आणि आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर) जे आहे तेच कायदेशीर नाव म्हणून लिहायचं, बाकीची सगळी रूपं ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मध्येच नाव बदलायला पासपोर्ट नूतनीकरणाला टाकू नका. फाइल चालू असताना नवीन नावाचा नवीन पासपोर्ट म्हणजे जुळवायला आणखी एक कागद.

धाकटी जन्माने अमेरिकन नागरिक आहे, तिला व्हिसा नको. पण अपत्यांच्या यादीत ती येतेच. अर्जदार नसलेली मुलं यादीतून गाळणं ही हमखास होणारी चूक. दुरुस्तीचं पत्र जातंच आहे तर त्यात एक ओळ आणि जन्मदाखल्याची प्रत. तेवढं पुरे.

घर बदलल्यावर दहा दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो. तुम्ही, पत्नी आणि थोरली मुलगी, तिघांचा वेगवेगळा, ऑनलाइन, फुकट. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, आज भरा आणि पुष्टीचं पान छापून ठेवा. टपाल खात्याला पत्ता कळवला म्हणजे हे झालं असं नाही. आणि पिटिशनबद्दलचं टपाल तुमच्या घरी येतच नाही, ते देवळाच्या पत्त्यावर आणि वकिलाकडे जातं. ट्रस्टींची निवडणूक झाली, जुने सेक्रेटरी गेले, नव्यांनी सरकारी लिफाफा देणगीच्या पाकिटांबरोबर टोपलीत ठेवला, अशी गत होऊ देऊ नका. देवळाचं टपाल कोण उघडतं हे नावानिशी ठरवून घ्या आणि ऑनलाइन केस स्टेटस आठवड्यातून एकदा स्वतः पाहा.

कारण लिफाफ्यात आरएफई असू शकते, म्हणजे अधिक पुराव्याची मागणी. तिला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, टपालाने आली असेल तर वर तीन. नामंजुरीच्या इराद्याची नोटीस असेल तर ३०. मुदतवाढ नाही. उत्तर एकदाच, एकगठ्ठा द्यायचं. ‘अर्धे कागद आत्ता, बाकीचे मागून’ असं केलंत तर जे आहे त्यावर निकाल लागतो. पाठशाळेचं पत्र मिळायला दोन महिने लागतात हे गृहीत धरून ते आत्ताच मागवा असं म्हणायचं ते यासाठीच.

दुरुस्तीचं पत्र असं असावं: देवळाच्या लेटरहेडवर, पिटिशनवर ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्याची किंवा त्याच्या जागी आलेल्याची शाईची सही, आणि वकील असतील तर त्यांच्यामार्फत. वर ठळक अक्षरात पावती क्रमांक, फॉर्मचं नाव, तुमचं नाव आणि जन्मतारीख. मग प्रत्येक चुकीसाठी फॉर्मचा भाग आणि प्रश्न क्रमांक, तिथे काय लिहिलं होतं, बरोबर काय, का चुकलं आणि सोबतचा पुरावा. एका पानात बसवा. पावतीवर जे कार्यालय छापलंय तिथे ट्रॅकिंगसह पाठवा आणि पाठवलेल्या पूर्ण संचाची प्रत ठेवा. पावतीवरच नाव किंवा तारीख चुकीची छापली असेल तर त्याची वेगळी ऑनलाइन विनंती असते, पत्राची गरज नाही. थेंबे थेंबे पाच पत्रं पाठवू नका. पाचातलं एखादं फाइलला लागतच नाही, आणि कोणतं ते कधी कळत नाही.

देवळात तपासणीला माणूस येऊ शकतो, बहुधा न कळवता. तो जागा पाहतो, तुम्हाला आणि पदाधिकाऱ्यांना काम, तास, पगार विचारतो, कागद मागतो. बरीच देवळं दुपारी बंद असतात. दाराला कुलूप आणि वेळेची पाटी नाही, तर ‘जागेवर संस्था आढळली नाही’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. दर्शनाच्या वेळा आणि फोन नंबर दारावर लावा. देवळाने पिटिशनमध्ये सदस्य किती, कर्मचारी किती, गेल्या पाच वर्षांत किती आर-१ आणले, किती पिटिशनं भरली हे आकडे दिलेले असतात. उत्सवापुरते आलेले गुरुजी त्यात मोजायचे राहून जातात. नव्या सेक्रेटरींना ते पान वाचायला द्या. तुम्ही स्वयंपाकघर, झाडलोट, हिशेब यांत किती वेळ घालवता हेही विचारलं जातं. नैवेद्य करणं हा पूजेचा भाग आहे, पण दिवसभर महाप्रसादाच्या पंगतीचा स्वयंपाक हा नव्हे.

आता शाखेचा प्रश्न, आणि इथे घाई करू नका. शाखा त्याच नोंदणीकृत संस्थेची, त्याच कर क्रमांकाखाली असेल, तर जाण्याआधी कामाची नवी जागा दाखवणारं सुधारित आय-१२९ भरायचं का आणि आय-३६० च्या फाइलला काय कळवायचं हे वकिलाकडून ठरवून घ्या. तपासणीला आलेल्याला तुम्ही चाळीस मैलांवर आहात असं कळणं चांगलं नाही. शाखा वेगळी संस्था म्हणून नोंदली असेल, तर तिथल्या पहिल्या दिवसाआधी नवीन आर-१ पिटिशन आणि ग्रीन कार्डसाठी नवीन आय-३६०, दोन्ही हवीत. एच-१बी वरचे तुमचे यजमान सांगतील की नोकरी बदलली तरी जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, राहते. त्यांची राहते. तुमच्या ईबी-४ प्रवर्गाला, म्हणजे धार्मिक कामगार ज्यात येतात त्याला, ती सोय नाही, तुम्ही रांगेच्या शेवटी जाता.

आणि ही रांग आता छोटी राहिलेली नाही. ईबी-४ ला नोकरीवर आधारित व्हिसांपैकी ७.१ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण दहा हजार मिळतात. त्यात धार्मिक कामगारांबरोबर इतरही गट आहेत, आणि एप्रिल २०२३ पासून मध्य अमेरिकेतल्या तीन देशांचे अर्जही याच सर्वसाधारण रांगेत मोजले जाऊ लागले. अमेरिकेच्या २०२५ च्या आर्थिक वर्षाचा (ऑक्टोबर ते सप्टेंबर) कोटा फेब्रुवारी संपतानाच संपला होता. तुमची तारीख मार्च २०२५ ची. आय-३६० मंजूर झालं तरी तारीख लागेपर्यंत आय-४८५ भरता येणार नाही. मंजुरीआधी तर नाहीच, धार्मिक कामगारांना दोन्ही एकत्र भरायची मुभा नाही. आर-१ ची पाच वर्षं मात्र ऑगस्ट २०२७ ला भरतात. या पाच वर्षांत अमेरिकेबाहेर काढलेले दिवस धरले जात नाहीत, तेवढे मागून घेता येतात. म्हणून भारतवारीचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपा. मुदत संपल्यावर वर्षभर बाहेर राहण्याची जुनी अट जानेवारी २०२६ मध्ये काढली गेली. देश सोडून नवीन आर-१ वर परत यावं लागतं, पण वर्ष थांबावं लागत नाही. परत आल्यावर आय-९४ उघडून तारीख पाहा. पासपोर्ट आधी संपत असेल तर ती पासपोर्टच्याच तारखेला तोडलेली असते.

हाताशी असलेल्या या वेळात गावाकडचे कागद मागवा. तुमचा जन्मदाखला आहे का, थोरलीच्या दाखल्यावर तिचं नाव घातलेलं आहे का, हे पाहा. फक्त ‘मुलगी’ लिहिलेला दाखला चालत नाही. गावात जन्माची नोंद ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत मिळते. नोंदच नसेल तर तिथूनच ‘नोंद आढळत नाही’ असं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. आई, आत्या, मावशी चालतात. त्यांत जन्माची तारीख, गाव, आईवडिलांची पूर्ण नावं आणि ‘मला हे कसं माहीत’ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असला तरी मराठीतले शेरे आणि शिक्के यांचंही भाषांतर लागतं. भाषांतर दोन्ही भाषा येणारा कोणीही करू शकतो, फक्त ते पूर्ण आणि अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं लिहून त्याने नाव, सही, तारीख घालावी. ते काम तुम्ही स्वतः करू नका. आणि आईंच्या प्रतिज्ञापत्रात तुमचं नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने घाला, तालुक्याच्या टंकलेखकाला ते कागदावर लिहून द्या.